इंजिनाचा नंबर आणि इतिहासाची वही

'फ्लाइंग स्कॉट्समन' हे जगातल्या सर्वात प्रसिद्ध वाफेच्या इंजिनांपैकी एक. १९२३ साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टर वर्कशॉपमधून ते बाहेर पडलं. तेव्हापासून आजवर त्याच्या अंगावर पाच नंबर येऊन गेले : १४७२, ४४७२, ५०२, १०३ आणि ६०१०३. रेल्वेच्या संगणकात नोंद करण्यासाठी आणखी एक नंबर मिळाला, ९८८७२. इंजिन मात्र एकच.

ब्रिटनमध्ये या इंजिनाची छोटी मॉडेल घरात ठेवणारे, त्यांच्यासाठी रूळ मांडणारे हजारो लोक आहेत. त्यांच्या छंदातलं एक नेहमीचं काम म्हणजे मॉडेलवरचा नंबर बदलणं. कारखान्यातून आलेला नंबर पुसायचा आणि आपल्याला हवा तो लावायचा. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण ज्या समाजाला आपला इतिहास कोण लिहितं आणि कोण खोडतं याची रोजची चिंता आहे, त्याने या छोट्या कामाकडे जरा थांबून पाहावं, असं मला वाटतं.

नंबर का बदलतात?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या कायद्याने चार मोठ्या कंपन्यांत एकत्र केल्या गेल्या. १ जानेवारी १९२३ पासून ही व्यवस्था सुरू झाली. अडचण लगेच समोर आली. प्रत्येक जुन्या कंपनीकडे १ नंबरचं इंजिन होतं, १०० नंबरचंही होतं. एकाच मालकाकडे एकाच नंबरची चार-पाच इंजिनं झाली.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, म्हणजे एलएनईआरने, यावर बेरजेचा उपाय काढला. नॉर्थ ईस्टर्नच्या इंजिनांचे नंबर तसेच ठेवले, ग्रेट नॉर्दर्नच्या नंबरांत ३००० मिळवले, ग्रेट सेंट्रलच्या नंबरांत ५०००, ग्रेट ईस्टर्नच्या नंबरांत ७०००. म्हणून १४७२ चं ४४७२ झालं. १९२४ साली वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात हे इंजिन लोकांनी पाहिलं ते याच नंबराने आणि 'फ्लाइंग स्कॉट्समन' या नव्या नावाने.

१९४६ साली त्याच कंपनीने सगळ्या इंजिनांना नव्याने, प्रकारानुसार नंबर दिले. जानेवारीत ४४७२ चं ५०२ झालं. योजना पुन्हा बदलली आणि मे महिन्यात १०३ झालं. १९४८ साली रेल्वे सरकारी मालकीची झाली. आता सुमारे २० हजार वाफेची इंजिनं एका वहीत आणायची होती. पुन्हा बेरीज झाली : सदर्नच्या नंबरांत ३०,०००, लंडन मिडलँडच्या नंबरांत ४०,०००, एलएनईआरच्या नंबरांत ६०,०००. ग्रेट वेस्टर्नचे नंबर मात्र जसेच्या तसे राहिले. कारण त्या कंपनीचे नंबर रंगवलेले नव्हते, पितळी ओतीव पाट्यांवर होते. हजारो पाट्या नव्याने ओतण्याचा खर्च कोण करणार? इतिहासात काय टिकतं आणि काय पुसलं जातं, हे कधी कधी इतक्या साध्या गोष्टीवरही ठरतं.

या बेरजेत एक प्रामाणिकपणा होता. नव्या नंबरातून जुना काढता येत होता. ६०१०३ मधून ६०,००० वजा करा, १०३ हाती येतो. सत्ता बदलली, मालक बदलला, पण मागे जाण्याची वाट बुजवलेली नव्हती.

अदलाबदल : सोयीचं खोटं

नंबर बदलण्याचा दुसराही एक प्रकार झाला. १९३३ साली शिकागोच्या प्रदर्शनात 'रॉयल स्कॉट' हे ६१०० नंबरचं इंजिन पाठवायचं ठरलं. पाठवलं मात्र ६१५२. दोघांनी नाव आणि नंबर आपसात बदलले, आणि ते पुढे कधीच परत बदलले गेले नाहीत. १९३९ साली 'कॉरोनेशन' या नावाने जे इंजिन अमेरिकेत गेलं, ते प्रत्यक्षात 'डचेस ऑफ हॅमिल्टन' होतं. युद्धामुळे ते तिकडेच अडकलं, १९४२ साली परत आलं, आणि नंतर दोघांना आपापली ओळख परत मिळाली.

सर्वात बोलकं उदाहरण १९५२ चं आहे. राजा सहावा जॉर्ज यांची अंत्ययात्रेची गाडी लंडनच्या पॅडिंग्टनहून विंझरला न्यायची होती. तिला 'विंझर कॅसल', नंबर ४०८२, हेच इंजिन शोभणार होतं. १९२४ साली दिवंगत राजाच्या वडिलांनी, पाचव्या जॉर्ज यांनी, स्विंडनला भेट दिली तेव्हा हेच इंजिन स्वतः चालवलं होतं. पण ऐन वेळी ते वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला होतं. मग १९४८ साली बांधलेल्या 'ब्रिस्टल कॅसल', नंबर ७०१३, या इंजिनावर 'विंझर कॅसल'च्या पाट्या चढवल्या गेल्या. राजाच्या शवपेटीपुढे जे इंजिन चाललं, त्याचा जन्म वडिलांच्या त्या भेटीनंतर २४ वर्षांनी झाला होता.

हे लपून राहिलं नाही. जुन्या आणि नव्या कॅसल इंजिनांच्या बांधणीत बारीक फरक होते, आणि ते ओळखणारे लोक फलाटावर आणि फोटो पाहणाऱ्यांत होतेच. १९४२ पासून इयन ॲलन यांच्या छोट्या पुस्तिकांनी इंजिनांच्या नंबरांच्या याद्या शाळकरी पोरांच्या खिशात पोचवल्या होत्या. वही-पेन्सिल घेऊन स्टेशनवर उभी राहणारी ती पोरं म्हणजे एका अर्थाने इतिहासाची पहारेकरी. राजवाड्याच्या सोयीसाठी पाटी बदलली, तरी नोंद ठेवणारा तिसरा कोणीतरी होता.

मॉडेलवाल्याची कसोटी

आता टेबलावरच्या मॉडेलकडे येऊ. ब्रिटनमध्ये जास्त प्रचलित असलेल्या प्रमाणात खऱ्या एका फुटाचे ४ मिलिमीटर होतात. खऱ्या इंजिनाच्या केबिनवरचा आठ इंची आकडा इथे पावणेतीन मिलिमीटरही भरत नाही. कारखान्यात छापलेला नंबर थिनरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसायचा. जोर लावला तर खालचा रंग उठतो किंवा तिथे चकाकी येते. मग नव्या आकड्यांचं ट्रान्सफर कापून पाण्यात भिजवायचं, कागदावरून सरकवून जागेवर आणायचं, एका रेषेत बसवायचं, वाळल्यावर वरून पातळ व्हार्निश द्यायचं. बॉयलरच्या तोंडावरची नंबराची पाटी वेगळी, नावाची पितळी पाटी वेगळी.

हात बसला की हे जमतं. खरी अडचण अभ्यासाची आहे. नंबर लावला की तारीख ठरते आणि तारीख ठरली की बाकी सगळं तिच्याशी जुळावं लागतं.

समजा, कोणी हिरव्या 'फ्लाइंग स्कॉट्समन'वर ५०२ हा नंबर लावला. ते चूक ठरेल. ५०२ हा नंबर होता १९४६ च्या पहिल्या काही महिन्यांत, आणि तेव्हा ते इंजिन युद्धकाळातल्या काळ्या रंगात होतं. हिरवा रंग परत आला १९४७ च्या जानेवारीत, नव्या जास्त दाबाच्या बॉयलरसोबत. ६०१०३ घ्यायचा तर कोणता? आधी तो जुन्या फिक्या हिरव्यावर होता, मग निळ्यावर, मग गडद हिरव्यावर. दुहेरी धुरांडं बसलं १९५९ च्या सुरुवातीला. धूर बाजूला फेकणारे पत्रे लागले १९६१ च्या अखेरीस. १४ जानेवारी १९६३ ला तर ते सेवेतून निघालंच. म्हणजे त्या पत्र्यांसह ६०१०३ नियमित सेवेत धावलं ते जेमतेम वर्षभर.

१९२० च्या दशकात एलएनईआरच्या इंजिनांचे मोठे आकडे टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवर, रंगवलेले असत. वर्कशॉपमध्ये टेंडरांची अदलाबदल होई आणि नंबरांचा घोळ होई. म्हणून १९२९ च्या सुमारास नंबर केबिनवर आणला गेला. ४४७२ चं मॉडेल करणाऱ्याला हेही ठाऊक हवं.

हॉर्नबी कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपली मोठी खेळणी काढली, तेव्हा एकाच साच्यावर चार कंपन्यांचे रंग चढवून 'फ्लाइंग स्कॉट्समन', 'रॉयल स्कॉट', 'लॉर्ड नेल्सन' आणि 'केअरफिली कॅसल' अशी चार नावं दिली. खऱ्या चारही इंजिनांना मोठी चाकं सहा, खेळण्यांना चारच. मुलांनी ते आनंदाने चालवलं. खेळण्याला तेवढी मुभा आहे. पण पुढच्या पिढ्यांतल्या छांदिष्टांनी ही मुभा घेतली नाही. १९५० साली त्यांनी हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी स्थापन केली. रंग, अक्षरं, आकडे यांची खात्रीशीर माहिती गोळा करणं आणि त्याप्रमाणे ट्रान्सफर छापणं हे तिचं एक मोठं काम झालं.

खऱ्या इंजिनाचं खोटं रूप

या कसोटीला खरं 'फ्लाइंग स्कॉट्समन'ही पुरतं उतरत नाही, ही यातली गंमत. १९६३ साली ॲलन पेग्लर यांनी ते भंगारातून वाचवलं आणि पुन्हा फिका हिरवा रंग देऊन ४४७२ हा नंबर लावला. पुढे याच रूपात ते अमेरिकेला गेलं, ऑस्ट्रेलियाला गेलं, लाखो लोकांच्या मनात बसलं. पण ४४७२ हा नंबर १९४६ च्या जानेवारीत संपला होता, आणि अंगावरचा बॉयलर १९४७ नंतरच्या प्रकारचा होता. एलएनईआरच्या काळात ही जोडी कधीच एकत्र नव्हती. लोकांना जो भूतकाळ आवडला, तो तसा घडलेलाच नव्हता.

२००४ साली इंजिन नॅशनल रेल्वे म्युझियमकडे आलं. २०१६ साली दुरुस्तीनंतर ते गडद हिरव्या रंगात, पत्र्यांसह, ६०१०३ या नंबराने रुळावर परतलं. अनेकांना ४४७२ हवा होता. संग्रहालयाने यंत्राच्या आजच्या बांधणीशी जुळणारा नंबर ठेवला.

माथेरानची आठवण

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. ती बांधली मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेलं. खर्च त्या काळचे १६ लाख रुपये सांगितला जातो. वळणावळणाच्या घाटासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलकडून चार खास इंजिनं आणली, ज्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे सरकत.

स्वातंत्र्यानंतर भारतातही तेच घडलं, जे ब्रिटनमध्ये झालं होतं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, मराठवाड्यातून धावणारी निजाम स्टेट रेल्वे आणि इतर काही मिळून मध्य रेल्वे झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात देशभरच्या इंजिनांना सलग नंबर मिळाले. माथेरानची चार इंजिनं ७३८ ते ७४१ झाली. दार्जिलिंगची प्रसिद्ध इंजिनं ७७७ पासून पुढे, जवळजवळ त्याच रांगेत. देश एक झाला होता, वहीही एक व्हायला हवी होती. त्यात गैर काही नाही.

पण इथे बेरजेची वाट नव्हती. ७४० मधून काही वजा करून जुनी कंपनी सापडत नाही. वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात निवृत्त झाली. त्यातलं ७४० इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड या छोट्या रेल्वेपर्यंत पोचलं, आणि तिथे नंबरासोबत 'माथेरान' हे नाव जपलं गेलं. माथेरानला सुट्टीत जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना पीरभॉय हे नाव ठाऊक आहे?

आज नावं बदलण्याचा हंगाम आहे. स्टेशनांची, शहरांची, रस्त्यांची. २०१८ साली मुगलसराय जंक्शनचं नाव बदललं, सोबत स्टेशनचा एमजीएस हा कोडही गेला. बदल करणाऱ्यांना अधिकार असतो. ब्रिटिश रेल्वेलाही होता. आपण आग्रह धरायचा तो नोंदीचा. आधी काय होतं, कोणी बांधलं, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदललं, हे सांगणारी ओळ पाटीवर, पुस्तकात, शाळेच्या धड्यात असायला हवी. आणि तीच शिस्त आपल्यालाही लागू आहे. आपल्या आवडीच्या काळाला आपल्या आवडीचा रंग लावून 'असंच होतं' म्हणणं म्हणजे हिरव्या इंजिनावर ५०२ लावणं.

उद्या कोणी मराठी मुलगा माथेरानच्या इंजिनाचं मॉडेल करायला बसला, तर त्याला आधी ठरवावं लागेल की हे १९०७ चं की १९७० चं. १९७० चं असेल तर ७३८ ते ७४१ पैकी एक आकडा लावून काम भागेल. १९०७ चं करायचं तर त्याला पीरभॉयांच्या कंपनीपर्यंत जावं लागेल, तिचे रंग आणि तिचे आकडे शोधावे लागतील. हे काम त्याच्यासाठी अजून कोणी मराठीत करून ठेवलेलं नाही. ते करायला हवं.