चिंगारी पुरस्कार: भोपाळच्या वायुपीडित महिलांनी उभारलेला सन्मान

उद्योगसमूहांच्या गुन्ह्यांविरुद्ध लढणाऱ्या महिलांसाठी भोपाळच्या चिंगारी ट्रस्टने सुरू केलेला सन्मान म्हणजे चिंगारी पुरस्कार होय. असे पुरस्कार बहुधा धनिकांच्या देणगीतून उभे राहतात. हा मात्र दोन वायुपीडित कामगार महिलांनी, आपल्या वाट्याला आलेली बक्षिसाची रक्कम देऊन टाकल्यामुळे उभा राहिला.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत पसरत गेला आणि शेजारच्या वस्त्यांत झोपलेल्यांचे डोळे व फुप्फुसे त्याने पोळून काढली. हजारो माणसे दगावली. १९८९ मध्ये कंपनी आणि भारत सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ज्यांच्या नावाने ती झाली त्या पीडितांना कोणी विचारले नव्हते.

रशीदा बी पडद्यात वाढलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. दुर्घटनेपूर्वी त्या विड्या वळत. त्यांची आणि चंपादेवी शुक्ल यांची ओळख १९८६ मध्ये एका स्टेशनरी कारखान्यात कामावर असताना झाली. एक मुसलमान, दुसरी हिंदू. दोघींच्याही घरातली माणसे वायूने आणि त्यानंतरच्या आजारांनी नेलेली. त्यांनी तेथील महिला कामगारांची संघटना बांधली. १९८९ मध्ये सुमारे शंभर स्त्रिया, काही मुलांना सोबत घेऊन, आपल्या मागण्यांसाठी दिल्लीपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटर पायी गेल्या. २००२ मध्ये दिल्लीत १९ दिवसांचे उपोषण झाले. तोवर कार्बाइड कंपनी डाऊ केमिकलच्या मालकीची झाली होती, त्यामुळे आंदोलनाचा रोखही तिकडे वळला होता.

एप्रिल २००४ मध्ये या दोघींना अमेरिकेतील गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. १ लाख २५ हजार डॉलरची ती रक्कम दोघींनी घरी नेली नाही. तिच्यातून ट्रस्ट स्थापन झाला. जन्मजात व्यंग असलेल्या पीडित कुटुंबांतील मुलांवर उपचार, पीडित स्त्रियांना रोजगार आणि अन्यत्र लढणाऱ्यांचा सन्मान, असे त्याचे हेतू ठरले. भोपाळच्या स्त्रियांच्या घोषणेत त्या स्वतःला फूल नव्हे, चिंगारी म्हणवतात. म्हणजे आपली ठिणगी. नाव तिथूनच आले.

२००७ मध्ये हा पुरस्कार ओडिशाच्या काशीपूर भागातील आदिवासी नेत्या मुक्ता झोडिया यांना देण्यात आला. बॉक्साइट खाणी आणि अ‍ॅल्युमिना प्रकल्प यांच्याविरुद्ध त्या गावकऱ्यांसह उभ्या राहिल्या होत्या. गोमंतकीय वाचकाला येथे केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प आणि १९९५ च्या गोळीबारात बळी गेलेले नीलेश नाईक आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्या प्रकल्पातील विदेशी भागीदार ड्यूपाँ कंपनी पुढे २०१७ मध्ये डाऊशीच एकत्र झाली, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

ट्रस्टचे रोजचे काम मात्र भोपाळमधील पुनर्वसन केंद्रात चालते. तेथे मुलांना व्यायामोपचार, वाचाउपचार आणि विशेष शिक्षण विनामूल्य मिळते. यांतील बहुतेक मुले त्या रात्रीनंतर कैक वर्षांनी जन्मलेली आहेत.