जावेचा जीर्णोद्धार
अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. त्यामानाने आमच्या बदलापूरच्या अंगणातली जावा तान्हं बाळच! म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. हिची किक मारायची दांडी पुढे वळवली, की तीच गिअरची होते. ती दांडी, टाकी, सीट, एकेक भाग मी उल्हासनगरहून आणून बदलला.

"मग जुनं काय उरलं?" सौ.ने विचारलं.

"अगं, महायुद्धातली लष्करी छावणी. तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं, बराकींच्या जागी इमारती उठल्या; तरी आपण 'कॅम्प नंबर तीन'च म्हणतो ना?"

"अहो, कॅम्पात माणसांनी संसार उभे केले. हिला नुसती किक लागली तरी पुरे!"