वाळवंटातील झरे आणि एक तांब्याचा वॉशर

कामगार चळवळीतल्या माणसाने झऱ्यांवर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. आम्हांला या विषयाकडे ओढले ते एका खटल्याने.

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात ॲश मेडोज म्हणून एक जागा आहे. सभोवार वाळवंट, आणि मध्ये सुमारे ३० झरे. पाऊस नावाला, मग हे पाणी कोठले? याचा शोध झऱ्यांच्या प्रेमापोटी सुरू झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच मुलखात १९५१ पासून अणुबाँबच्या चाचण्या होत होत्या. तेथील किरणोत्सर्गी द्रव्ये भूजलाबरोबर कोठवर जातील, हे सरकारला हवे होते. आयझॅक विनोग्राड आदी भूशास्त्रज्ञांनी विहिरींच्या पातळ्या ताडून पाहिल्या, पाण्यातील जड हायड्रोजन मोजला. उलगडा असा झाला : डोंगरांवरचे पावसाबर्फाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून, मधल्या खोऱ्यांच्या खालून, मैलोगणती वाहत येते, येथे खडकाच्या मोठ्या चिरेपलीकडे बारीक गाळाचे घट्ट थर आडवे येतात, वाट खुंटते, आणि ते वर उसळते. वर ज्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, ती खोरी खाली एकाच पाण्याची वाटेकरी!

जवळच डेव्हिल्स होल नावाच्या कपारीत ऊन पाण्याचा डोह आहे. जगात इतरत्र कोठेही नसलेला एक चिमुकला मासा त्यात राहतो. कपारीच्या भिंतीवर तांब्याचा एक वॉशर बसवून १९६२ पासून पाण्याची पातळी मोजीत. १९६८ पर्यंत पाणी वॉशरखाली १.२ फुटांवर स्थिर होते. त्या वर्षी अडीच मैलांवरच्या शेतमालकाने पंप लावले. १९७२ साली पाणी ३.९३ फूट खाली! मासा जेथे अंडी घालतो तो खडक उघडा पडू लागला. ७ जून १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उपशावर मर्यादा घातली.

निकालपत्रात आम्ही अडखळलो ते एका वाक्यापाशी. त्या १२,००० एकरांवर ८० हून अधिक माणसे कामाला, वर्षाचा पगार ३,४०,००० डॉलरांवर. भागाकार केला, माणशी सव्वाचार हजारांच्या आसपास. गुंतवणूक मात्र ७० लाखांहून अधिक! दोन्ही पक्षांचे नफानुकसान तोलणे ही येथे कसोटी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मासा वाचला, याचा आम्हांला आनंदच आहे. पण पंप कोठे बसवायचा हे त्या ८० जणांनी ठरविले नव्हते, आणि निकालात त्यांचा आकडा तेवढा आहे.

पुढे पातळीची मर्यादा वॉशरखाली २.७ फूट ठरली. १९८४ मध्ये ॲश मेडोज अभयारण्य झाले. डोहाचे पाणी मात्र १९६८ पूर्वीच्या खुणेपर्यंत अजून चढलेले नाही.