दासी, मोलकरीण, कामगार

संत जनाबाईंचे अभंग वर्गात शिकविताना आम्ही एक गोष्ट दरवर्षी सांगतो. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळातील ही कवयित्री स्वतःला नामदेवांची दासी म्हणविते आणि दळण, कांडण, झाडलोट ही तिची रोजची कामे तिच्या अभंगांत जशीच्या तशी येतात. ती केर लोटते, तो भरायला विठ्ठल येतो. यातील भक्तीवर आम्ही पुष्कळ बोलतो. मात्र त्या केराचे मोल किती, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही.

दासीला मोल नव्हते. ‘मोलकरीण’ या शब्दात ते आले. परंतु मोल आले म्हणून मान आला असे झाले नाही. १९६३ साली पडद्यावर आलेल्या ‘मोलकरीण’ या मराठी चित्रपटात आईच मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राबते. प्रेक्षकांचे डोळे पाणावले ते ती आई होती म्हणून. ती केवळ मोलकरीण असती तर किती पाणावले असते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

या इतिहासाला वळण मिळाले ते पुण्यात. १९८० साली येथील धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांनी उत्स्फूर्तपणे काम बंद ठेवले आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस या मागण्या गिरणीकामगाराला शोभणाऱ्या होत्या. फरक इतकाच की येथे कारखाना म्हणजे आपले स्वयंपाकघर होते आणि मालक आपण. ‘खाडा’ या शब्दामागे एखादे आजारपण असू शकते, हे मध्यमवर्गाला प्रथमच जाहीरपणे ऐकावे लागले.

पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. ‘कामगार’ ही संज्ञा कायद्याने दिली. अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी साहाय्याची तरतूद केली. कामाचे तास आणि वेतन मात्र त्या कायद्याने ठरविले नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

हे सारे लिहिताना आमच्यापैकी एकाच्या घरची आठवण टाळता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी एक मावशी ठेवल्या होत्या. काम ठरले होते ते रुग्णाची शुश्रूषा. आठवडाभरात ‘मावशी, जाता जाता एवढी फरशी पुसून घ्याल का?’ असे सुरू झाले, आणि महिन्याभरात घरातील केरफरशी, भांडी सारे त्यांच्याकडे गेले. पगार तोच राहिला. त्या एकदाच म्हणाल्या, ‘सर, आजींचं करायचं ठरलं होतं, घराचं नव्हतं.’ उत्तर सुचले नाही. तरीही पगार वाढविण्याचे आम्हाला पुढे दोन महिने सुचले नाही, हे अधिक लाजिरवाणे.

‘मावशी’ हे संबोधन मायेचे खरे, पण नात्यात हिशेब विचारायचा नसतो, ही सोयही त्यातच दडलेली असते. दासीपासून कामगारापर्यंत शब्द पुष्कळ चालून आला. उंबरठ्याच्या आत येताच तो पुन्हा मागे वळतो. पुढच्या वर्षी जनाबाई शिकविताना केराच्या मोलाचा प्रश्न आम्ही वर्गात काढणार आहोत. अर्थात आधी आपापल्या घरचा हिशेब पुरा करून.