कुंकू काळं उमटतं

खिशातला फोन तिथेच राहू द्या, तो इथे चालायचा नाही. साल 1856, महिना जानेवारी, पौषाचा शुद्ध पक्ष. शाकंभरी नवरात्र चालू आहे, पौर्णिमा दोन दिवसांवर आली आहे आणि चंद्र मावळतीला टेकलाय. तुळजापूरच्या उतारावर, घाटशिळेकडच्या अंगाला, एका बैलगाडीशेजारी तुम्ही कुडकुडत उभे आहात. गाडीत कडब्यात गुंडाळलेल्या काचा, औषधांच्या बाटल्या, एक काळा तंबू आणि धान्य मोजायच्या मापाएवढा लाकडी कॅमेरा. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिथल्या कुणाकडून तरी तुम्ही हा नाद उचललात. आगगाडीने कल्याणच्या थोडं पुढे आणून सोडलं. तिथून सगळा प्रवास बैलांच्या चालीने. सोलापूरला रेल्वे यायला अजून 4 वर्षं आहेत.

मुलूख निजामाचा, पण तूर्त कारभार कंपनीचा. 1853 च्या तहात नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे लावून दिलाय आणि नळदुर्गच्या किल्ल्यात मेडोज टेलर नावाचा साहेब बसतो. हाच गृहस्थ पुढे 1863 साली ‘तारा’ ही कादंबरी लिहील आणि तिच्यात तुळजापूर आणेल. त्याला भेटायला वेळ नाही, उजाडायला लागलंय.

गाव डोळ्यांआधी कानांना कळतं. खालून संबळ ऐकू येतो, मग ‘आई राजा उदो उदो’ची हाळी. चरणतीर्थाची वेळ होऊन गेली आहे. गंमत अशी की इथे गाव वर आणि देऊळ खाली. बालाघाटाच्या कडेला वस्ती आणि पायऱ्या उतरत जावं तशी खोलगटात देवी. त्यामुळे तुमच्या पायाशी माळवदं एकाखाली एक उतरत गेलेली दिसतात. काळ्या दगडाची जोती, पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती, खाली गेरूचा पट्टा. आणि मधल्या बोळांतून चाललेली माणसं म्हणजे रंगच रंग: तांबडे पटके, हिरवी लुगडी, आराधिणींच्या परड्यांतलं हळद-कुंकू, कपाळभर मळवट, विझत आलेल्या पोताचा नारिंगी जाळ. मळवटाचं तांबडं ओलं आहे, घामाने नाकाच्या शेंड्यावर उतरलेलं.

हे सगळं तुम्हाला काचेवर धरायचं आहे. लागा कामाला.

काच घ्या, फडक्याने लख्ख पुसा. मधोमध कलोडियनची धार सोडा आणि काच एकेका कोपऱ्याकडे कलंडवत ते सगळीकडे पोहोचवा. शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं परत बाटलीत. ईथरचा वास सरळ डोक्यात जातो. उन्हाळ्यात हेच काम करायचं तर ईथर हातातल्या हातात उडून जाईल, म्हणून थंडीला शिव्या देऊ नका. आता तंबूत शिरा. उजेड येतो तो फक्त पिवळ्या कापडाच्या झरोक्यातून. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काच तीनेक मिनिटं बुडवा. बाहेर येते ती दुधावर साय धरावी तशी. यापुढे ती ओली आहे तोवरच सगळं उरकायचं, फार तर दहा-पंधरा मिनिटं. बोटांना लागलं असेल तर पुढचे काही दिवस काळी बोटं घेऊन हिंडावं लागेल.

त्या पिवळ्या झरोक्याकडे जरा बघा. तो पिवळा का? कारण या काचेला पिवळं दिसत नाही. तांबडं तर नाहीच. तिला कळतं ते निळं आणि जांभळं. म्हणून पिवळ्या उजेडात ती सुरक्षित असते, आणि म्हणूनच बाहेरची हळद आणि कुंकू तिच्यावर काळंकुट्ट उमटणार. निळीत रंगवलेलं लुगडं मात्र फिकट येईल. आभाळ तर कोरंच, ढग असोत नसोत.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पूर्वेला तांबडं फुटलंय, माळवदांच्या कडा सोनेरी झाल्यात, तुमचा जीव भिंगावरचं टोपण काढायला उतावीळ झालाय. पण तुम्हाला जो उजेड सोन्याचा वाटतो, तो काचेला जवळपास अंधारच. थांबावं लागेल. ऊन वर चढून पांढरं पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे ज्या पहाटेसाठी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, ती पहाट सोडून द्यायची आणि नवी काच ओली करायची. आता काढा टोपण. आकडे मोजा, घाई न करता. बोळातून माणसं जातायत, जाऊ द्या. लावा टोपण.

तंबूत हिराकसाचं पाणी काचेवर ओता. चित्र चढू लागतं. घागरीतल्या पाण्याने धुवा, हायपोमधून काढा, धुऊन काळ्या कापडावर धरा. भिंतींचा पोत अन् पोत आलाय, जोत्यांच्या दगडांच्या सांधी मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. पण बोळ रिकामे! एवढी गर्दी गेली कुठे? चालत होते ते सगळे पुसले गेले. उरलाय एक झोपलेला यात्रेकरू आणि बसलेला एक बैल, त्याचंही डोकं धुरकट, कारण रवंथ चालू होतं.

जुने फोटो पाहून ‘किती शांत असायची हो गावं तेव्हा’ म्हणणाऱ्यांना मला ही काच दाखवावीशी वाटते. गाव शांत नव्हतं, करडंही नव्हतं. काच आंधळी होती आणि मंद होती.

तिला डोळे फुटायला वेळ लागला. 1873 मध्ये जर्मनीत व्होगेल या रसायनशास्त्रज्ञाला कळलं की थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की हिरवा-पिवळाही उमटतो. तांबडा नीट दिसणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. तोवर दख्खनच्या किती मळवटांची शाई झाली, कोण जाणे.

चला, आता परत या. तोच उतार, दसऱ्याची पहाट, फोन हातात. देवीचं सीमोल्लंघन उजाडण्यापूर्वीच होतं. साड्यांच्या दिंडात गुंडाळलेली मूर्ती पालखीतून देवळाच्या आवारात निघते आणि वरून कुंकवाची उधळण. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, ते बरंच आहे. बाहेर मात्र वेगळीच पंचाईत. त्या काचेला तांबडं दिसत नव्हतं, फोनला नको इतकं दिसतं. दिव्यांच्या झोतात कुंकू म्हणजे एक सपाट लाल डाग, त्यात ना साडीची घडी ना माणसाचा चेहरा. एक्स्पोजर एक घर खाली घ्या आणि व्हाइट बॅलन्स उन्हावर पक्का करा. नाहीतर फोन आपल्या अकलेने पहाटेची दुपार करून ठेवतो.

मग वर या. माळवदं आता थोडी उरलीत, गच्च्या झाल्यात. पोपटी, गुलाबी, जांभळ्या भिंती, काळ्या टाक्या, लॉजच्या पाट्या. काहींना हे रंग भडक वाटतात. मला नाही वाटत. रंग देणं हे या जिल्ह्यात निव्वळ घरकाम नसतंच. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात, ढीग घालतात, आणि देवळाच्या रंगाला तो चुना वापरायची रीत आहे. एवढ्या हातांनी रंगवलेली भिंत भडक झाली तर झाली.

तुम्ही एका पोपटी भिंतीवर रोख धरता. शेजारी निळं दार, वर वाळत घातलेलं तांबडं लुगडं. गच्चीवरून एक आजी वाकून बघतात.

“काय काढायलाव?”

“घराचा फोटो काढतोय, आजी.”

“आवं, पोपडे निघालेत त्येचे. देवीचा काढा की. आन् घराचाच पायजे आसंल तर दिवाळी झाल्यावर या. पोरगा गुलाबी द्यायचा म्हनतोय, म्या न्हाई म्हनलंय.”

“मग कुठला देणार?”

“त्ये अजून भांडन चालूच हाय.”