कागदी लिंबाचे आजोळ

श्रीगोंद्याच्या बाजारात हस्त बहाराची लिंबे गोणीगोणीने ओतली जात असता, डहाळीसकट आलेले एक पान मी सहज उजेडाकडे धरले, तो त्याच्या देठाला दोन्ही अंगांनी नखाच्या कडेएवढी अरुंद पाती दिसली, आणि लिंबाच्या घराण्याचा ठाव तेथेच लागला. महाळुंगाचा देठ साफ सडक. उलट फिलिपाइन्स बेटांवरील ‘बियासोंग’ नामक आंबट फळाच्या देठाची पाती जवळजवळ पानाएवढी रुंद. हे लेकरू दोहोंच्या मधले! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हीच सोयरीक शाबीत केली: आई बियासोंग, बाप महाळुंग. ज्याच्या ‘मातुलुंग’ या संस्कृत नावात मामा दडल्यासारखा वाटतो आणि जो कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती विराजतो, तो नात्याने बाप निघावा, हा योग गमतीचा खरा. हिमालयाच्या पायथ्याचे हे फळ कोणा खलाशाने औषध म्हणून बेटांवर नेले असावे आणि पुढचे मधमाशीने उरकले असावे, असा माझा कयास.

फळ बेटावरचे, मग नाव कोठले? ‘लिंबू’ हे ‘निम्ब’ म्हणजे कडुलिंबावरून आले, ही व्युत्पत्ती आपल्याकडे सर्रास सांगतात. निंबाचा लिंब झाला हा दाखला तिला अनुकूल आहे हे कबूल, परंतु कडू पाला आणि आंबट रस यांचे नाते जोडायला नुसते ध्वनिसाम्य पुरत नाही. मुंडा भाषांचा हवाला देणारे पंडितही आहेत. मला मात्र मलय भाषेतील ‘लिमाऊ’ खुणावतो: तिकडे लिंबूवर्गातील यच्चयावत फळांना हाच शब्द, आणि फारसी ‘लिमू’, अरबी ‘लैमून’ ही त्याच गलबताची पुढली बंदरे. ‘निम्बूक’मधला नकार निम्बाच्या सादृश्याने मागाहून बसला असेल, मधल्या बकाराची पंचाईत मी तूर्त तहकूब ठेवतो. पातळ सालीमुळे ‘कागदी’ हे विशेषण मिळाले, ते फारसी कागदाच्या कृपेने.

संकराचे वाण पुढल्या पिढ्यांत विस्कटायचे. हे टिकले, कारण लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब फुटतात आणि त्यांतले बहुतेक परागाचा संबंध न येता आईच्याच पेशींतून घडलेले असतात. श्रीगोंद्यातील एका रोपवाल्याने पिशवीतले तीन कोंब मला दाखवले, दोन थोराड ठेवले, आणि बारका चिमटीने उपटून बांधावर फेकला. नव्या सोयरिकीचा बहुधा तोच होता.