सेल्फ-ड्रायव्हिंगचे पैसे: एकरकमी, दरमहा की गाडीच्या किमतीतच?

कॅमेरे आणि कॉम्प्युटर गाडीत आधीच बसवलेले असतात. तुम्ही पैसे भरले की कंपनी सॉफ्टवेअरमधून फीचर चालू करते. मग हे पैसे घ्यायचे कसे? सध्या तीन पद्धती दिसतात.

१. एकरकमी: अमेरिकेत टेस्लाच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'ची किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलर झाली आणि एप्रिल २०२४ पर्यंत ८,००० वर आली. १५,००० ला घेणाऱ्यांनी जवळपास दुप्पट मोजले! शिवाय फीचर गाडीला जोडलेलं, मालकाला नाही. नवी गाडी घेतली की एरवी पुन्हा खर्च.

२. सबस्क्रिप्शन: एप्रिल २०२४ मध्येच त्याचा मासिक दर १९९ वरून ९९ डॉलर झाला. हिशोब करून बघा, ८,००० डॉलरमध्ये जवळपास ८१ महिने निघतात, म्हणजे पावणेसात वर्षं. जानेवारी २०२६ मध्ये इलॉन मस्क यांनी एकरकमी विक्री बंद करणार असल्याचं जाहीर केलं.

३. किमतीतच: चीनच्या बीवायडीने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'गॉड्स आय' ही प्रणाली सीगलसारख्या छोट्या गाडीतही जादा पैसे न घेता देणार असं सांगितलं.

जबाबदारी कोणाची?

टेस्लाचं हे फीचर लेव्हल २ आहे. नाव काहीही असो, रस्त्यावर लक्ष तुम्हीच ठेवायचं. मर्सिडीजचं 'ड्राइव्ह पायलट' मात्र लेव्हल ३. २०२२ मध्ये ते जर्मनीत विक्रीला आलं, तेव्हा ठरावीक महामार्गांवर ताशी ६० किमीपर्यंत रस्त्यावरून नजर काढायची मुभा होती.

मला काय वाटतं?

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: जे अजून तयार व्हायचंय त्याचे पैसे आगाऊ घेऊ नयेत. जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनीच मान्य केलं, की हे फीचर विकत घेतलेल्यांच्या 'हार्डवेअर ३' गाड्यांमधला कॉम्प्युटर बदलावा लागेल. म्हणून लेव्हल २ साठी कधीही बंद करता येईल असं मासिक शुल्क योग्य. लेव्हल ३ साठी जास्त पैसे घ्यायला हरकत नाही, पण सिस्टीमच्या चुकीची जबाबदारीही कंपनीने लेखी घ्यावी. आणि आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक कधीच सबस्क्रिप्शनमागे नसावा. हप्ता चुकला म्हणून कोणाचा जीव धोक्यात यायला नको.